साडेचारशे रुपयांचा कोंबडा

आमच्या खुराड्याचं दार सकाळी साडेसहाला उघडतं. उन्हाळ्यात सहाला. दार म्हणजे काय, तर सागाची एक जुनी फळी आणि ती अडकवायला एक वाकवलेला खिळा. पण ते उघडायला दहा मिनिटं उशीर झाला की आत जो गलका सुरू होतो, तो ऐकून शेजारच्या आक्का त्यांच्या पडवीतून विचारतात, ‘‘वैनी, कोंबड्या तुरुंगात टाकल्या का काय?’’ मग मी हातातला चहा तसाच ठेवून परसात धावते.

दार उघडल्यावर पहिला बाहेर येतो तो कोंबडा. त्याच्यामागून एकेक कोंबडी पाय ताणत, पंख पसरत बाहेर पडते. या वेळी मी दुसरं काही काम करत नाही. नुसती उभी राहून बघते. रोज पहिली उडी मारणारी काळी आज शेवटी का आली? ठिपकीची शेपटी खाली का आहे? फळीवरची विष्ठा घट्ट आहे, पातळ आहे, हिरवी आहे की तांबडी? रात्री खुराड्यात जाताना गळ्याखालची जी पिशवी टम्म भरलेली असते, ती सकाळी मोकळी झालेली दिसते ना? हे सगळं बघायला तीन मिनिटं लागतात. कोंबडी हा जीव आजार लपवण्यात मोठा पटाईत. कळपात जी दुबळी दिसेल तिला बाकीच्या टोचतात, त्यामुळे अंगात अगदीच त्राण उरेनासं होईपर्यंत ती चारचौघींसारखी वागत राहते. ती पिसं फुलवून, डोळे मिटून कोपऱ्यात बसलेली आपल्याला दिसते, तेव्हा बहुधा आजार दोन दिवसांचा झालेला असतो.

ही तीन मिनिटांची अक्कल मला फुकट मिळालेली नाही. तिची किंमत मी मोजली, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा जास्त आक्कांनी मोजली. तेच आज सांगायचं आहे.

आम्ही 2012 साली गावी राहायला आलो. गाव पाटण तालुक्यात, डोंगराच्या पोटाशी. हे एस. टी.तून निवृत्त झाले होते आणि पुण्यातल्या एका शाळेच्या ऑफिसातली माझी नोकरीही त्याच सुमारास संपली होती. सासूबाईंच्या पश्चात घर आठ वर्षं बंद होतं. कौलं शाकारून घेतली, न्हाणीघर बांधलं. परसात सासूबाईंचं दगडमातीचं खुराडं मात्र जसंच्या तसं उभं होतं, आणि ते रिकामं बघवेना. आक्कांनी एक तलंग अर्धेलीनं दिली. अर्धेली म्हणजे कोंबडी त्यांची, दाणापाणी माझं, आणि निघतील त्या पिल्लांत निम्मी वाटणी. शेळीसारखाच कोंबडीचाही हा व्यवहार आमच्याकडे चालतो. कागद नाही, सही नाही, वाद झाल्याचंही मी ऐकलेलं नाही. वर्षभरात माझ्या परसात नऊ कोंबड्या झाल्या.

शहरातल्या मंडळींना गावरान कोंबडीचं भारी कौतुक, पण तिचा हिशेब फारसा कुणी मांडत नाही. पोल्ट्रीतली पांढरी लेगहॉर्न वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. आमची गावरान बारा-पंधरा अंडी घालते, मग खुडूक बसते, पिल्लं काढते, ती वाढवते, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा अंड्यावर येते. सगळं मिळून वर्षाला साठ-सत्तर. पण तिला खाद्याचं पोतं विकत आणावं लागत नाही. खळ्यावरचे दाणे, भाताचा कोंडा, शेणातले किडे, वाळवी, घरातला उष्टा भाकरतुकडा यांवर ती जगते. ज्या घरात गुंतवायला पैसा नाही त्या घराला ही कोंबडी परवडते. आक्कांच्या घरी अंड्यांचे पैसे मोहरीच्या डब्यात पडत. त्या डब्याला घरातला बाप्या माणूस हात लावत नसे. नातवाचा एस. टी.चा पास, वह्या, परीक्षेची फी, लेक माहेरपणाला आली तर तिच्या हातावर ठेवायचे शंभर रुपये, हे सगळं त्या डब्यातून निघे. वर्षाकाठी चार-सहा कोंबडे विकले की जत्रेचा खर्च सुटे.

खुडूक कोंबडी रवणीला कशी बसवायची, हे आक्कांनीच मला शिकवलं. त्या शाळेत फार गेलेल्या नाहीत, पण त्यांचं बहुतेक शास्त्र पुढे पुस्तकांतही तसंच सापडलं. पाटीत तळाशी राख आणि बारीक वाळू, वर भाताचा पेंढा. राख अशासाठी की एकवीस दिवस एका जागी बसलेल्या कोंबडीच्या अंगावर उवा माजतात आणि त्या तिला अर्धमेली करतात. अंडी आठवड्यापेक्षा जुनी नकोत, तडा गेलेली नकोत, आणि मळकी दिसली तरी धुवायची नाहीत. धुतली की कवचावरचं नैसर्गिक आवरण जातं आणि जंतूंना आत शिरायला वाट मिळते. अंडी विषम संख्येत ठेवायची, अकरा किंवा तेरा. या विषमचं शास्त्र मला अजून कुठल्याही पुस्तकात सापडलेलं नाही, पण मीही तसंच ठेवते.

मी माझ्या परीनं त्यात एका बॅटरीची भर घातली. सातव्या रात्री अंधाऱ्या खोलीत पुठ्ठ्याच्या नळीवर अंडं धरून खालून बॅटरी मारायची. जीव धरलेल्या अंड्यात मधोमध काळा ठिपका आणि त्यातून फुटलेल्या लाल शिरा दिसतात, जाळ्यात बसलेल्या कोळ्यासारख्या. वांझ अंडं नुसतंच उजळतं. पहिल्यांदा तो कोळी हललेला पाहिला तेव्हा आक्का किती तरी वेळ काही बोलल्याच नाहीत. पंचावन्न वर्षं त्या पिल्लं काढत होत्या, पण अंड्याच्या आत त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाल्या, ‘‘झाका आता, सर्दी हुईल त्याला.’’

आता त्या कोंबड्याकडे येते.

2015 सालची गोष्ट. फाल्गुन संपत आला होता. माझा जुना कोंबडा मुंगसानं नेला होता आणि कळपाला नर हवा होता. मंगळवारच्या बाजारात एका माणसाकडे तांबडा, उंच, पिवळ्याधमक पायांचा कोंबडा दिसला. तो पाचशे म्हणाला, मी साडेचारशेला तोडला आणि स्वतःवर खूश होऊन घरी आले. कोंबडा थोडा मरगळलेला होता. मला वाटलं, दिवसभर पाय बांधून उन्हात ठेवलेला, जीपमधून आणलेला, शिणला असेल. संध्याकाळी त्याला सरळ खुराड्यात सोडला.

दुसऱ्या दिवशी तो शिंकायला लागला. तिसऱ्या दिवशी चोच उघडी टाकून श्वास घेऊ लागला, विष्ठा हिरवट-पांढरी झाली. शुक्रवारी सकाळी तो खुराड्यात मरून पडला होता. मी हळहळले ती साडेचारशे रुपयांसाठी. त्या वेळीही माझ्या डोक्यात काही आलं नाही.

सोमवारी माझ्या दोन कोंबड्यांनी दाणा टिपला नाही. मंगळवारी पाच. काहींना पंखच उचलेनात, एक पाय मागे ओढत फिरू लागली. एकीची मान अशी पिळवटली की तोंड पाठीवर आलं आणि ती जागच्या जागी गरगरत राहिली. आक्कांनी कुंपणावरून पाहिलं आणि एकच शब्द उच्चारला, ‘‘मानमोडी.’’

आमच्या भागातल्या जुन्या माणसांना हा शब्द दोनदा माहीत आहे. 1918 साली इन्फ्लुएन्झाची साथ आली आणि घरंच्या घरं रिकामी झाली, तिलाही लोक मानमोडीच म्हणत. कोंबड्यांच्या मानमोडीचं पुस्तकातलं नाव राणीखेत. 1926 साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला आणि जावा बेटावर हा रोग नोंदला गेला, म्हणून जगभर तो ‘न्यूकॅसल’ या नावानं ओळखला जातो. आपल्याकडे पुढल्याच वर्षी कुमाऊंमधल्या राणीखेतला तो सापडला आणि आपल्या देशात त्या बिचाऱ्या थंड हवेच्या गावाचं नाव त्याला कायमचं चिकटलं. रोग विषाणूचा आहे. विष्ठेतून, नाकातोंडाच्या पाण्यातून, माणसाच्या चपलेतून, डालग्यातून, मेलेल्या कोंबडीच्या पिसांतून तो पसरतो. अंगात शिरल्यापासून दिसेपर्यंत बहुधा पाच-सहा दिवस जातात, कधी दोन, कधी पंधराही. त्यावर औषध नाही. तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

शनिवारपर्यंत माझ्या बावीस जिवांपैकी एकोणीस संपले. पण तेवढ्यावर भागलं असतं तर हा लेख लिहायला मी बसले नसते. आमच्या दोन परसांच्या मधे निर्गुडीचं कुंपण आहे, आणि कोंबड्यांना कुंपण कळत नाही. उन्हाळा म्हणून मी आंब्याखाली पाण्याची मोठी परात ठेवत असे. माझ्या कोंबड्या तिथे पीत, आक्कांच्याही पीत. त्या परातीचं मला फार कौतुक होतं. आक्कांच्या पंधरा कोंबड्यांतल्या चौदा गेल्या. त्यांतली एक तेरा अंड्यांवर बसली होती, सतरावा दिवस होता. ती पाटीतच गेली, अंड्यांवर पंख तसेच पसरलेले. आक्कांनी कोंबडी आणि अंडी एकाच खड्ड्यात पुरली. त्या जूनमध्ये नातवाच्या शाळेचा खर्च त्यांनी कुठून केला, हे मी विचारलं नाही. विचारायला तोंड नव्हतं. बाजारातून आणलेल्या कोंबड्यानं हे केलं, हेही मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

त्यांची जी एक वाचली, तिची मान कायमची वाकडी राहिली. तिचं नावच वाकडी पडलं. दाणा असे एकीकडे आणि तिची चोच पडे दोन बोटं पलीकडे. आक्का तिला मांडीवर घेऊन भाताची शितं भरवत.

त्या महिन्यात मी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. तिथले डॉक्टर तरुण होते. मी रडवेली होऊन सगळं सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘लस दिली होती?’’

लस! माझ्या नातवंडांच्या लसीकरणाची तारीख मला पाठ होती. कोंबडीला लस असते हे मी ऐकलं होतं, पण ती पोल्ट्रीवाल्यांसाठी, हजार पक्षी असणाऱ्यांसाठी, असा माझा समज. तिच्यातली गंमत मला पुढे कळली. गुरांच्या रोगांवर संशोधन करणारी इंग्रज सरकारची पहिली प्रयोगशाळा 1889 साली आपल्या पुण्यातच निघाली आणि 1893 साली ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली गेली. राणीखेत तिथून जवळच. त्याच मुक्तेश्वरच्या संस्थेत 1940 च्या दशकात राणीखेतवरची देशी लस तयार झाली. मोठ्या कोंबड्यांना जी ‘आर-टू-बी’ लस टोचतात, ती हीच. आज पुण्याला औंधमध्ये सरकारी संस्थेत जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या लसी बनतात. म्हणजे माझ्या कोंबड्या मेल्या त्या लस नव्हती म्हणून नाही. ती होती, माझ्या परसापर्यंत आली नव्हती एवढंच.

का आली नव्हती, याचं कारण शोधायला गेलं तर फार साधं निघतं. कुपी असते शंभर, दोनशे मात्रांची. एका घरी कोंबड्या दहा. लस थंड राहिली पाहिजे, दवाखान्याच्या फ्रिजपासून कोंबडीच्या डोळ्यापर्यंत. आणि एकदा पाण्यात कालवली की तास-दोन तासांत संपवली पाहिजे, उरली ती फेकायची. दहा कोंबड्यांसाठी कोण शंभराची कुपी फोडणार? डॉक्टर म्हणाले, ‘‘बाई, तुमच्या आळीतल्या कोंबड्या एक दिवस एकत्र मोजा.’’

मी मोजल्या. साथीतून उरलेल्या आणि नंतर हळूहळू पाहुण्यारावळ्यांकडून आणलेल्या मिळून पुढच्या वर्षी, 2016 च्या माघात, आमच्या आळीत अकरा घरांत एकशे सतरा निघाल्या. वहीत घरवार लिहिल्या. हे हसले. पारावरची मंडळीही हसली, ‘बाई कोंबड्यांची शिरगणती करतायत’ म्हणून. दोन घरांनी साफ नकार दिला. लस दिली की कोंबडी अंडी बंद करते, असं त्यांचं म्हणणं. मोठ्या लसीनंतर एखादी कोंबडी दोन-चार दिवस मलूल होते आणि अंडी थोडी कमी होतात, हे खरंच आहे. मी ते लपवलं नाही. चार दिवसांच्या अंड्यांचा आणि गेल्या चैत्राचा हिशेब त्यांचा त्यांनीच करावा, असं म्हटलं. एक घर आलं, एक नाही आलं.

कोंबडीला अंधारात दिसत नाही, त्यामुळे दिवे लागल्यावर ती खुराड्यात दगडासारखी बसते आणि अलगद हाती येते. म्हणून वेळ ठरवली सांजेची. हे तालुक्याहून लस घेऊन आले, चहाच्या रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये, रसवंतीवाल्याकडून मागून घेतलेल्या बर्फात. डॉक्टर पहिल्या वेळी स्वतः आले. पोरांनी कोंबड्या धरल्या, एकानं बॅटरी धरली, मी वहीत खुणा केल्या. सात दिवसांच्या पिल्लांना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात. थेंब टाकून लगेच सोडायचं नाही, पिल्लू डोळा मिटून उघडेपर्यंत थांबायचं, तर तो आत जातो. दोन महिन्यांच्या पुढच्यांना आर-टू-बीची सुई. ही सुई लहान पिल्लांना द्यायची नाही, ती त्यांना झेपत नाही. आणि जी कोंबडी आधीच आजारी दिसते तिला लस टोचून उपयोग नाही, उलट अपाय. तो तासाभराचा दंगा एखाद्या लग्नघरासारखा होता. शेवटच्या घरी पोहोचेस्तोवर पोरांच्या अंगभर पिसं आणि विष्ठा.

तेव्हापासून वर्षातून दोनदा ही फेरी होते, एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा उन्हाळा तापायच्या आत. मधे जी पिल्लं निघतात त्यांची तारीख वहीत असते. आळीत पुन्हा मानमोडी आली नाही. पलीकडच्या वाडीत 2019 ला येऊन गेली.

लसीनं सगळं साधतं असं मात्र नाही. माझ्या कोंबड्या लस नव्हती म्हणून गेल्या, तशा मी नवा कोंबडा सरळ आत सोडला म्हणूनही गेल्या. आता बाहेरून आलेला कुठलाही पक्षी, मग तो सख्ख्या बहिणीकडून येवो, तीन आठवडे घराच्या दुसऱ्या बाजूला डालग्याखाली राहतो. त्याला पाणी वेगळं, दाणा वेगळा, आणि त्याचं काम मी सगळ्यात शेवटी करते, म्हणजे माझ्या हातापायांवरून काही इकडे येऊ नये. पाहुण्याला असं ताटकळत ठेवणं जिवावर येतं, पण ठेवते.

बाकीची दुखणी लहान, पण ती रोज थोडं थोडं खातात. पावसाळ्यात पिल्लांची रक्ती हगवण ठरलेली. तीन आठवड्यांपासून दीड-दोन महिन्यांपर्यंतची पिल्लं पंख गळाल्यासारखी उभी राहतात आणि विष्ठेत रक्त दिसतं. ओल्या जमिनीत हा रोग पोसतो. औषध आहे आणि ते लवकर दिलं तर लागू पडतं; पण डालग्याखालचं भुस्सट रोज हलवून कोरडं ठेवलं, पाण्याचं भांडं विटेवर उंच ठेवलं, तर औषधाची वेळच फारशी येत नाही. देवी येतात त्या तुऱ्यावर, डोळ्यांभोवती, काळ्या खपल्या होऊन. त्या पसरवण्यात मोठा हात डासांचा. तिचीही लस आहे, पंखाच्या पातळ कातडीला टोचायची. जंतांचं औषध आम्ही लसीच्या आठवडाभर आधी देतो.

खुराड्यातली गोचीड हा माझा खास वैरी. ही दिवसा कोंबडीच्या अंगावर सापडतच नाही. भिंतीच्या भेगांत, फळीच्या सांध्यांत लपून असते आणि रात्री बाहेर येऊन रक्त पिते. कोंबडी दिवसेंदिवस वाळत जाते, तुरा पांढरा पडतो, आणि आपण दाण्याला दोष देत बसतो. सासूबाईंच्या दगडमातीच्या खुराड्यात असल्या भेगा शेकड्यांनी. शेवटी आत सगळं रिकामं करून चुन्यामातीनं भेगा लिंपल्या, फळ्यांचे सांधे टेंभ्यानं शेकले आणि वर चुन्याचा हात दिला. आता हे दर दिवाळीआधी होतं, घराच्या रंगाबरोबर. अंगावरच्या उवांचं काम मात्र कोंबड्या स्वतःच करतात. चुलीची राख आणि माती मिसळून परसाच्या कोपऱ्यात एक खळगा भरून ठेवला आहे. दुपारी त्यात त्या ज्या लोळतात, पंखांनी राख अंगावर उडवून घेतात आणि मग आडव्या होऊन एक डोळा मिटतात, ते बघताना मला सणाच्या आदल्या दिवशी नहाणं झालेल्या बायका आठवतात.

उन्हाळ्यात पाणी. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणं एवढाच तिचा पंखा. एरवी पाव लिटर पाणी पिणारी कोंबडी वैशाखात त्याच्या दुप्पट पिते. परात आजही ठेवते, पण आता आक्कांची वेगळी आणि माझी वेगळी, दोन्ही रोज राखेनं घासून. अंड्याचं कवच पातळ यायला लागलं की वापरलेली टरफलं भाजून, कुटून दाण्यात मिसळते. भाजायची अशासाठी की कच्ची घातली तर कोंबडीला अंडं फोडून खायची चटक लागते.

खुडूक मोडायचे जुने प्रकार मात्र मी बंद केले. नको तेव्हा खुडूक झालेल्या कोंबडीच्या नाकपुडीत पीस खुपसायचं, तिला विहिरीच्या पाण्यात बुचकळायचं, असं आमच्याकडे सर्रास चालतं. त्यापेक्षा खालून जाळी असलेल्या खोक्यात, वाऱ्यावर, तीन-चार दिवस ठेवली की पोटाची ऊब जाते आणि तिचं डोकं ठिकाणावर येतं. दाणापाणी अर्थातच द्यायचं.

2021 च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याची बातमी आली. कोंबड्या शेकड्यांनी मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. 2006 साली नंदुरबारच्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आला तेव्हा आम्ही पुण्यात होतो. चिकन बंद करण्यापलीकडे आमचा त्याच्याशी संबंध नव्हता. आता तो परसाचा प्रश्न होता. रोग निघाला की भोवतालच्या एक किलोमीटरमधले सगळे पक्षी सरकार मारतं, चांगले असोत की आजारी. भरपाई मिळते, पण वाकडीची भरपाई काय करणार? ती तेव्हा सात वर्षांची होती, अंडी जवळजवळ थांबलेली, पण आक्कांच्या पायात पायात असायची.

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं ते केलं. कोंबड्या बंद ठेवल्या, ओढ्यावर सोडल्या नाहीत, कारण तिथे रानपक्षी उतरतात. अचानक मर दिसली तर हात न लावता दवाखान्यात कळवायचं. मेलेला पक्षी कापायचा नाही, विकायचा नाही, ओढ्यात टाकायचा तर मुळीच नाही. अंडी आणि मटण नीट शिजवून खाल्लं तर भीती नाही. आमच्या तालुक्याच्या वाट्याला त्या वेळी काही आलं नाही. पण त्या दहा-बारा दिवसांत, संध्याकाळी आक्का आणि मी त्यांच्या पडवीत बंद कोंबड्यांची कुरकुर ऐकत बसलेल्या असताना, माझ्यानं राहवलं नाही. सहा वर्षं गिळून ठेवलेलं मी बोलून टाकलं. तो कोंबडा मी बाजारातून आणला होता, त्यानंच तुमच्या कोंबड्या नेल्या, असं.

आक्का वाकडीला शितं भरवत होत्या. म्हणाल्या, ‘‘मला ठावं हाय. त्यो शिंकाय लागला तवाच म्या वळखलं हुतं.’’

‘‘मग बोलला का नाहीत?’’

‘‘बोलून कोंबड्या उठल्या असत्या व्हय?’’ मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, ‘‘आन् माजं तरी काय? मर लागली म्हटल्यावर त्याच मंगळवारी दोन चांगल्या दिसत्यात्या, त्या बाजारला न्हेऊन इकल्या म्या. पोराच्या फीला. त्या कुनाच्या दारात गेल्या आसतील, वैनी?’’

मी काय उत्तर देणार! मला कोंबडा विकणारा तो माणूसही, त्याच्या घरी मर लागली म्हणूनच बाजारात आला असणार. त्याच्याही घरी एखादा डबा असेल. गावोगाव मानमोडी अशीच जाते, पायांना दोरी बांधून, डोक्यावरच्या पाटीतून, आणि नेणारा प्रत्येकजण नडलेला असतो.

वाकडी त्या वर्षीच्या श्रावणात गेली, म्हातारपणानं. आक्कांनी तिला जास्वंदीखाली पुरलं.

आता आमच्या आळीत तेरा घरं वहीत आहेत. नकार देणारं ते दुसरं घरही आलं. डॉक्टरांची बदली झाली. नव्या बाई आल्या आहेत, त्यांनी आळीतल्या दोन मुलींना थेंब टाकायला शिकवलं. आक्कांचा नातू कराडला कामाला लागला आहे आणि मोहरीच्या डब्याची त्याला आता गरज नाही, पण आक्कांनी कोंबड्या कमी केलेल्या नाहीत. सध्या एकवीस आहेत. गुडघे दुखतात, त्यामुळे खुराड्यात वाकणं त्यांना जमत नाही. फेरीच्या दिवशी त्या पडवीत खुर्चीवर बसून, पोरं कोंबड्या धरतात ते मोठ्यानं मोजतात आणि एखादी सुटली की पोरांना शिव्या घालतात.

परवा सकाळीच कुंपणाशी आल्या. माझी खुराड्यासमोरची तीन मिनिटं चालू होती, म्हणून थांबल्या. शेवटची ठिपकी बाहेर पडल्यावर म्हणाल्या, ‘‘वैनी, पौष सरत आला. थर्मास घासून ठिवलाय का?’’